दवाखान्यात चक्कर आली, आता डॉक्टर कशी होणार?

मे महिन्यातली दुपार होती. मी समुपदेशक. बारावीत गेलेली एक मुलगी आईबरोबर माझ्यासमोर बसली होती. घर सोलापूरच्या पूर्व भागात, वडील यंत्रमागावर, आई घरी विड्या वळते. मुलीची नीटची तयारी सुरू आहे, मनात व्ही. एम. मेडिकल, म्हणजे इथलं सरकारी मेडिकल कॉलेज आहे. बोलायला आईनंच सुरुवात केली. "मॅडम, हिला रक्तच बघवत नाही. क्लासची पुढची फी भरायची का नको, तेवढं सांगा."

झालं होतं असं. सुट्टीत ओळखीच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात रोज दोन तास बसून त्यांचं काम बघायचं, असं तिनं ठरवलं. तिसऱ्या दिवशी एका मधुमेही आजोबांच्या पायाचं ड्रेसिंग होतं. जुनं गॉज जखमेला घट्ट चिकटलेलं. कंपाउंडर वरून सलाईनची धार सोडत ते कडेकडेनं सोडवत होते. ती टेबलाशी उभी होती. "आधी कानात घूं घूं झालं, मग सगळं लांब गेल्यासारखं दिसलं," ती म्हणाली. डोळे उघडले तेव्हा ती फरशीवर होती आणि तेच आजोबा टेबलावरून वाकून विचारत होते, "पोरी, लागलं का गं?" याचीच तिला सगळ्यात जास्त लाज वाटत होती. नंतर ती तिकडं फिरकली नाही.

मी विचारलं, त्या दिवशी खाल्लं काय होतंस? सकाळचा चहा. क्लास सुटल्यावर उन्हातून तशीच गेलेली. पंखा पेशंटकडं वळवलेला. याआधी कधी अशी चक्कर आली होती? एकदा, शाळेत इंजेक्शन घेताना.

मग मी दोघींना नीट समजावलं. रक्त किंवा जखम बघून काही जणांच्या हृदयाचे ठोके एकदम मंदावतात, रक्तदाब खाली येतो, मेंदूला क्षणभर रक्त कमी पडतं आणि माणूस कोसळतो. आडवं करून पाय वर केले की बहुतेक वेळा मिनिटा-दोन मिनिटांत शुद्ध येते. रिकामं पोट, उकाडा, एकाच जागी ताटकळणं यानं हे लवकर होतं. ही शरीराची प्रतिक्षिप्त क्रिया आहे, तिचा धाडसाशी काही संबंध नाही. पहिल्या वर्षी शवविच्छेदनाच्या हॉलमध्ये किंवा पहिल्यांदा ऑपरेशन बघताना चक्कर आलेले कितीतरी जण आज उत्तम डॉक्टर आहेत. मात्र कारण नसताना, पळताना किंवा छातीत धडधडून शुद्ध हरपत असेल, तर समुपदेशकाकडं न येता आधी डॉक्टरांना दाखवून ईसीजी काढावा. हिचं तसं नव्हतं.

यावर साधा उपाय आहे. हात, पाय, पोट यांचे स्नायू १०-१५ सेकंद घट्ट आवळायचे, चेहरा गरम होईपर्यंत. मग २०-३० सेकंद सोडायचे. असं पाच वेळा. यानं रक्तदाब टिकून राहतो. सराव घरीच सुरू झाला. आजीला मधुमेह आहे, ग्लुकोमीटर घरात होताच. पहिल्या आठवड्यात तिनं खुर्चीत बसून, स्नायू आवळून, आजीच्या बोटावरचा थेंब नुसता बघितला. दुसऱ्या आठवड्यात आजीचं बोट धरलं. मग सुई स्वतः टोचली. आजीनं हूं की चूं केलं नाही, उलट शेजारणीला बोलावून दाखवलं.

पण माझ्या दृष्टीनं महत्त्वाचा प्रश्न निराळाच होता. पहिल्या दोन दिवसांत तिनं काय बघितलं? आईला वाटत होतं, याचं सर्टिफिकेट मिळून प्रवेशाला उपयोग होईल. अमेरिकेत मेडिकलच्या अर्जात अशा अनुभवाला वजन असतं. आपल्याकडं प्रवेश नीटच्या ७२० पैकी मिळालेल्या गुणांवर होतो. दवाखान्यात बसायचं ते आपल्याला हे काम आवडतंय का, एवढं बघायला.

तिनं वहीच काढली. दोन दिवसांत जखमेचे पेशंट तीन. बाकी सगळे ताप, खोकला, बीपीच्या गोळ्या. डॉक्टर एका बाईशी तेलुगूत बोलले, पुढच्या आजोबांशी कन्नडमध्ये. टीबीच्या एका पेशंटनं बरं वाटतंय म्हणून दोन महिन्यांतच गोळ्या सोडल्या होत्या. सहा महिन्यांचा कोर्स पुरा का करायचा, हे डॉक्टरांनी त्याच्या बायकोला समोर बसवून पुन्हा पुन्हा सांगितलं, बाहेर रांग असताना. हे सांगताना मुलगी खुर्चीत पुढं सरकली होती. मी आईला म्हटलं, "ताई, फीचं उत्तर इथं बघा."

एक गोष्ट मात्र मी लपवली नाही. पुढं त्वचारोग, मनोविकार असे विषय निवडता येतात, पण एमबीबीएस करताना सर्जरी आणि बाळंतपणाचा वॉर्ड कुणालाच चुकत नाही. तेव्हा सराव सोडून चालणार नाही.

जूनमध्ये ती परत गेली. आत बसण्याआधी डॉक्टर प्रत्येक पेशंटला विचारतात, ही शिकायला आली आहे, चालेल ना? कुणी नको म्हटलं की ती बाहेर जाऊन थांबते. मोबाईल पिशवीत, ऐकलेलं तिथंच ठेवायचं. आजोबांचं ड्रेसिंग आलं तेव्हा ती स्टुलावर बसून राहिली. घाम फुटला, मुठी आवळल्या, पण पट्टी बांधून होईपर्यंत ती तिथंच होती. आजोबांनी विचारलं, "आज बरी हाईस का?"

आई आता कडक भाकरी आणि शेंगाचटणी खाऊ घातल्याशिवाय तिला दवाखान्यात जाऊ देत नाही.