माशांच्या टाकीच्या सम्पमध्ये (पाणी गाळण्यासाठी जोडलेल्या वेगळ्या टाकीत) जिवंत झाडं लावली तर सिरॅमिक रिंगा (ज्यांवर उपयोगी जीवाणू वाढतात ते सच्छिद्र तुकडे) काढून टाकता येतील का?

झाडं जरूर लावा, पण रिंग काढू नका. जागा कमी आहे म्हणून तुम्ही हे विचारताय, ते समजतं. तरी आधी रिंगा राहू द्या आणि उरलेल्या जागेत झाडं बसवा.

रिंगांवरचे जीवाणू अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. दिवा असो नसो, ऑक्सिजन मिळतोय तोवर त्यांचं काम चालू राहतं. झाडं अमोनिया आणि नायट्रेट दोन्ही शोषतात, पण त्यांची भूक उजेडावर आणि वाढीवर अवलंबून असते. वाढ थांबली, पानं सडू लागली की तीच झाडं पाण्यात अमोनिया सोडतात. माझ्या सम्पमध्ये हॉर्नवर्ट ही सुईसारख्या पानांची पाणवनस्पती जोमात होती, म्हणून मी निम्म्याहून जास्त रिंगा एकाच दिवशी काढल्या होत्या. नंतर मी बाहेरगावी असताना दिव्याचा टायमर बंद पडला. परत आलो तर हॉर्नवर्टच्या सुया तळाशी कुजत पडलेल्या, मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडत होते आणि नायट्राइटच्या चाचणीला गडद रंग आला. तीन मासे गेले. ते अजून मनाला लागतं.

माझ्याकडे आता ओव्हरफ्लोचं, म्हणजे टाकीतून सम्पमध्ये उतरणारं पाणी आधी फ्लॉसमधून (गाळ अडवणाऱ्या कापसासारख्या थरातून) जातं, मग रिंगा, मग झाडं, आणि पंपाआधी जाड छिद्रांचा स्पंज. झाडं रिंगांच्या आधी ठेवली तर अमोनिया आधी त्यांना मिळेल, असं काहीजण सांगतात. पण २०० लिटरच्या टाकीला तासाला १००० लिटरचा पंप असेल तर सगळं पाणी तासाला साधारण पाच वेळा सम्पमधून फिरतं, तिथे या क्रमाने फारसा फरक पडत नाही. फ्लॉस मात्र पहिलाच हवा, नाहीतर गाळ मुळांवर बसतो.

झाड कोणतं, तर माझा कौल मनी प्लांटला. मुळं पाण्यात, पानं बाहेर. हवेत कार्बन डायऑक्साइड पाण्यापेक्षा सुमारे १०,००० पट वेगाने पसरतो, त्यामुळे बाहेरच्या पानांना त्याची टंचाई पडत नाही आणि वाढ जोरात होते. कुंडीतलं झाड मातीसकट टाकू नका. पेरासह फांदी कापून आधी साध्या पाण्यात मुळं फुटू द्या. मुळं जाळीच्या कुंडीत आवरून ठेवा, नाहीतर ती रिंगांमध्ये घुसतात आणि नंतर सोडवताना सगळा गाळ उठतो. डकवीड ही तरंगणारी बारीक पाणवनस्पती टाळा, ती पंपात जाते.

सम्पचा दिवा मी रात्री लावतो, टाकीचा बंद असताना. सम्पमध्ये पाण्याखालची झाडं असतील तर पाण्यात रात्री साचणारा कार्बन डायऑक्साइड ती वापरतात आणि पीएच कमी हलतो. रिंगांच्या कप्प्यावर मात्र झाकण ठेवा, उजेड पडला की शेवाळ धरतं. आणि झाडाने शोषलेलं नायट्रेट पानांतच असतं, ते पाण्यातून खरोखर बाहेर जातं ते तुम्ही छाटणी करून बाहेर टाकता तेव्हा. मी दर पंधरा दिवसांनी छाटतो.

यानंतरही रिंगा कमी करायच्याच असतील तर झाडं दोनतीन महिने नीट रुजू द्या. मग एका वेळी पाव हिस्साच काढा, पुढचा तीनचार आठवड्यांनी, आणि मधल्या काळात अमोनिया आणि नायट्राइट तपासत राहा. ज्या रिंगा ठेवाल त्या नळाखाली धुऊ नका, टाकीतून काढलेल्या पाण्यातच हलक्या हाताने खळबळा.