खटला चालवा, नाव खोडू नका

प्रश्न : वकीलताई, मी २२ वर्षं सैन्यात काढली. माझ्या डोळ्यांदेखत दोन साथीदार गेले. जो आपल्याच देशावर बंदूक रोखतो त्याने देशाशी नातं स्वतःहून तोडलं, असं मी मानतो. मग त्याचं नागरिकत्व काढून घ्यायला कायदा एवढा का कचरतो? तुमचं स्वतःचं मत सांगा, गोलगोल उत्तर नको.
– एक निवृत्त सुभेदार

उत्तर : सुभेदारसाहेब, माझं मत तुमच्या विरुद्ध आहे. त्याला पकडा, खटला चालवा, गुन्हा शाबीत झाला की कायद्यातली कठोरातली कठोर शिक्षा द्या. नागरिकत्व मात्र काढू नका. तुमच्या साथीदारांचा विचार मनात ठेवूनच हे लिहिते आहे.

‘नातं तोडलं’ हे तुमचे शब्द मी दोनदा वाचले. पण नातंच उरलं नाही, तर जाब कोणत्या अधिकाराने विचारायचा? देशद्रोहाच्या गुन्ह्याचा पाया निष्ठा हा आहे. बाहेरच्याने बाहेर राहून शस्त्र धरलं तर तो शत्रू, आपल्याने धरलं तर तो द्रोही. नाव खोडलं की द्रोह्याचा नुसता शत्रू होतो, आणि त्याचं पुढे काय करायचं हे दुसऱ्याच कुणाच्या तरी गळ्यात पडतं.

कायदा का कचरतो, ते एका अमेरिकन शिपायाच्या प्रकरणात दिसतं. अल्बर्ट ट्रॉप, जन्माने अमेरिकन. १९४४ साली मोरोक्कोतल्या कासाब्लांका इथे शिस्तभंगासाठी लष्करी कोठडीत होता, तिथून पळाला. दुसऱ्याच दिवशी रस्त्याने चालत असताना सैन्याचा ट्रक आला आणि तो मुकाट्याने त्यात चढला. एक दिवसही पुरता झाला नव्हता. शत्रूला जाऊन मिळणं तर दूरच. लष्करी न्यायालयाने त्याला तीन वर्षं सक्तमजुरी दिली आणि सैन्यातून बडतर्फ केलं. १९५२ मध्ये त्याने पासपोर्ट मागितला तेव्हा कळलं की युद्धकाळातल्या पलायनामुळे त्याचं नागरिकत्वच गेलंय. १९५८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ही शिक्षा घटनाबाह्य ठरवली. सरन्यायाधीश अर्ल वॉरन यांचं म्हणणं असं, की शरीराला इजा न करता माणसाचं समाजातलं सगळं स्थान पुसून टाकणारी ही शिक्षा आहे. तुम्ही सैन्यात होता. असा घाबरून पळालेला आणि दुसऱ्या दिवशी परतलेला पोरगा तुम्हीही पाहिला असेल. ‘शस्त्र उचललं त्याच्यासाठीच’ म्हणून आणलेला कायदा त्या पोरापर्यंत किती सहज पोचतो, ते बघा.

दुसरं कारण, ठरवणार कोण? ऑस्ट्रेलियाने हा अधिकार मंत्र्याला दिला होता. इस्लामिक स्टेट या दहशतवादी संघटनेत सामील झाल्याच्या कारणावरून सीरियात गेलेल्या एकाचं नागरिकत्व मंत्र्याने काढलं. २०२२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, ही शिक्षा आहे, आणि अपराध ठरवून शिक्षा देणं न्यायालयाचं काम. मला हा निकाल मनापासून पटतो. खटल्यात साक्षीदार उलटतपासणीला उभा राहतो. मंत्र्याच्या टेबलावर फक्त फाइल असते.

आपल्याकडेही १९५५च्या नागरिकत्व कायद्याचं कलम १० हे मुख्यतः नोंदणीने किंवा देशीयकरणाने (म्हणजे परदेशी माणसाने इथे राहून, अर्ज करून) नागरिक झालेल्यांपुरतं आहे. जन्माने नागरिक असलेल्याला ते लागत नाही. देशाविरुद्ध युद्ध पुकारल्याबद्दल मृत्युदंड किंवा जन्मठेप मात्र कायद्यात आहेच. म्हणजे कायदा हात बांधून बसलेला नाही.

एक आठवण सांगते. माझा एक पक्षकार शिक्षा भोगून झाल्यावरही चौदा महिने कोठडीत होता. कोणताच देश त्याला आपला म्हणेना. सुटकेच्या आदेशाची प्रत त्याने प्लास्टिकच्या पिशवीत घडी करून ठेवली होती, आणि दर भेटीत ती उलगडून मला दाखवायचा, जणू मी ती पहिल्यांदाच बघतेय. त्याचा गुन्हा गंभीर होता, मला त्याच्याबद्दल प्रेम नव्हतं. तरी त्या कागदावर उत्तर द्यायला माझ्याकडे काही नव्हतं.

प्रश्न : मॅडम, शस्त्र उचलणं म्हणजे नेमकं काय? दहशतवादी संघटनेत जाऊन स्वयंपाक करणारी, गाडी चालवणारा, यांनीही शस्त्र उचललं असं धरायचं का? आमच्या कॉलेजात गटचर्चा आहे.
– कायद्याची एक विद्यार्थिनी

उत्तर : बरं झालं विचारलंस. या चर्चेत सगळं इथेच अडतं. जर्मनीने २०१९ मध्ये कायदा बदलताना शब्द मोजून वापरले. परदेशातल्या दहशतवादी संघटनेच्या लढाईत प्रत्यक्ष भाग घेतलेला हवा, दुसऱ्या देशाचंही नागरिकत्व असलेला हवा, आणि अल्पवयीन नको. माझ्या मते अशा कायद्यातला हा त्यातल्या त्यात प्रामाणिक मसुदा. तरी एक डाग राहतोच. एकाच गुन्ह्यासाठी दोन देशांचा नागरिक बाहेर जातो, एकाच देशाचा नागरिक तुरुंगात जातो.

ब्रिटनमध्ये निकष बराच सैल आहे. काढून घेणं ‘लोकहिताला पोषक’ आहे, एवढं गृहमंत्र्यांना पटलं आणि त्यामुळे माणूस देशहीन होत नसेल, की पुरतं. शमीमा बेगम २०१५ मध्ये शाळकरी मैत्रिणींबरोबर लंडनहून सीरियात, इस्लामिक स्टेटकडे गेली. २०१९ मध्ये ती एका छावणीत सापडली आणि गृहमंत्र्यांनी तिचं नागरिकत्व काढलं. आई-वडिलांमुळे ती बांगलादेशची नागरिक ठरते, हा त्यांचा आधार. बांगलादेशने हात वर केले. तिने बंदूक चालवली की नाही, हे कोणत्याही फौजदारी न्यायालयात कधी तपासलंच गेलं नाही. २०२४ मध्ये अपील न्यायालयातही ती हरली.

ती गेली तेव्हा १५ वर्षांची होती, नागरिकत्व गेलं तेव्हा १९. तुमच्या गटाने आधी हे ठरवावं, की यातलं कोणतं वय धरायचं.