पाय शिवणयंत्र होतो तेव्हा

प्रिय पोरी,

रविवारी तैलबैल्याच्या भिंतीवरून उतरल्यावर तू कुणाशी बोलली नाहीस. परतताना गाडीत खिडकीला डोकं टेकून झोपेचं सोंग घेतलंस आणि रात्री मला लिहिलंस, ‘काका, लीड करणं, सगळ्यांच्या पुढं दोर अडकवत चढणं, माझं काम नाही. माझ्यात हिंमतच नाही.’ मी तेव्हा उत्तर दिलं नाही. अशा वेळी लोक ‘तू करू शकतेस’ छापाचं काहीतरी पाठवतात. ते वाचून कुणी कडा चढल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

खाली दोर सांभाळत बिले मीच देत होतो, त्यामुळे खालून जे दिसलं ते सांगतो. दगडात ठोकलेला, तू दोर अडकवलेला शेवटचा बोल्ट तुझ्या गुडघ्यापाशी होता आणि कमरेची गाठ त्याच्या हातभर वर. तिथून सुटली असतीस तर त्या हातभराच्या दुप्पट, वर दोरातली ढील आणि दोराची ताण, असं सगळं धरून फार तर एक-दीड पुरुष खाली आली असतीस. मधे आपटायला एकही कंगोरा नव्हता. तरी तू उजव्या हाताची खाच अशी आवळलीस की बोटं पांढरी पडलेली मला खालून दिसत होती. मग श्वास थांबला. मग डावा पाय शिवणयंत्रासारखा थडथडायला लागला. पाच मिनिटांत मनगटापासून कोपरापर्यंत हात दगड झाले आणि आता मात्र तू खरोखरच सुटण्याच्या बेतात होतीस. म्हणजे जो धोका तिथं नव्हता, तो तूच आवळून आवळून तयार केलास. हे सगळ्यांचं होतं. माझंही अजून होतं.

त्या पायाचं आधी सांगतो, कारण त्यावर उपाय सोपा आहे. आपण घाबरलो की नकळत टाच उचलून चवड्यावर उभे राहतो. सगळा भार पोटरीवर येतो, ती थकते आणि थडथडते. टाच खाली सोडायची. एवढंच. आणि बशीतला चहा फुंकावा तसा लांब श्वास सोडायचा. आत घ्यायची काळजी करू नकोस, तो आपोआप येतो. मग एकेक हात मोकळा सोडून झटकायचा. पण हात तेव्हाच मोकळा होतो जेव्हा भार पायांवर असतो, म्हणून नजर आधी पायाच्या पकडीकडं. रविवारी तू दहा मिनिटं फक्त वर बघत होतीस.

आपल्याकडं गडाच्या माहितीत एक शब्द हमखास सापडतो, दृष्टिभय. मला तो फार आवडतो, कारण भय कुठून आलं ते त्यातच सांगितलेलं आहे. डोळ्यांना दरी दिसते आणि डोळे बोंब मारतात. पण दोर लावून चढणाऱ्याला खालची पोकळी फारशी काही करत नाही. पहिला बोल्ट अडकवायच्या आधीचे दहा-पंधरा फूट जास्त वाईट, कारण तिथून पडलं की थेट जमीन. तिथं मात्र तू गप्पा मारत चढलीस!

म्हणून भीती आली की तिला दटावू नकोस, विचार, ‘कशाची?’ तिला नाव सांगता आलं पाहिजे. हा दगड पोकळ वाजतोय, गाठ तपासलेली नाही, खाली कंगोरा आहे, कपारीत आग्या मोहोळ आहे. असं काही सांगितलं तर मुकाट ऐकायचं आणि गरज पडली तर उतरायचं. नुसतंच ‘बाप रे, केवढं खोल’ म्हणाली तर टाच खाली, फुंकर, पुढची पकड.

मला भीती न वाटल्याचा एक दिवस चांगला आठवतो. मुंब्र्याला, शंभरदा चढलेल्या वाटेवर. एक ठोकळा न ठोकता ओढला आणि तो हातात आला. खाली बिले देणाऱ्याच्या खांद्यापासून वीतभर अंतरावरून गेला. आपला बेसॉल्ट थरांचा, पावसात भिजतो, उन्हात तापतो. गेल्या वर्षीची भक्कम पकड यंदा सैल असू शकते. त्यानंतर मी ओळखीच्या दगडालाही टकटक केल्याशिवाय हात लावत नाही. बद्द आवाज आला की सोडून देतो.

तू त्या अमेरिकन गिर्यारोहक ॲलेक्स होनॉल्डचं उदाहरण दिलंस. ३ जून २०१७ ला तो योसेमिटीतला एल कॅपिटन हा प्रचंड कडा दोराशिवाय चढला, खरंय. पण त्याआधी वर्षाहून जास्त काळ तोच मार्ग त्यानं दोर लावून घोटला होता. कुठला पाय कुठं, हे पाठ असलेला माणूस तो. हिंमत म्हणून आपण बघतो ती बरीचशी उजळणी असते, असं माझं मत. तुला पटलं नाही तरी चालेल.

तुझी उजळणी पडण्याची व्हायला हवी. कृत्रिम भिंतीवर, आधी वरून दोर असताना, मग बोल्ट कमरेशी असताना, मग गुडघ्याशी, मग पावलाशी. दर वेळी ठरवून हात सोडायचा. चढाईचा डायनॅमिक दोर पडण्याच्या झटक्यात ताणला जातो, प्रमाणित दोराला चाळीस टक्क्यांपर्यंत मुभा असते, त्यामुळे झटका अंगात न शिरता दोरात जिरतो. हे मी कितीदा सांगितलं तरी तुझ्या पोटाला पटणार नाही. पंचवीस वेळा पडलीस की पटेल. सह्याद्रीत मात्र हा प्रयोग नको, इथं पाच-दहा फुटांवर कंगोरा असतोच. आणि रॅपलिंगचा, फारसा न ताणणारा स्टॅटिक दोर लीडला कधीही नाही.

आता रागवायचं राहिलंय ते. तू उतरलीस याबद्दल माझी तक्रार नाही. पण उतरण्याआधी घाबरून बोल्टच्या हँगरमध्ये, त्या धातूच्या कडीत, बोट घातलंस. तशात पाय सुटला असता तर बोट तिथंच राहिलं असतं. दोर आवळायला ‘टाइट’ म्हणून ओरडायचं आणि कमरेच्या पट्ट्यात, हार्नेसमध्ये बसायचं. ओरडायला लाजलीस ना? मला तसं वाटलं. बिले देणारा त्यासाठीच मान वर करून उभा असतो.

शनिवारी संध्याकाळी भिंतीवर ये. पडायचं आहे, चढायचं नाही, असं घरी सांगू नकोस. तुझं हेल्मेट माझ्या सॅकमध्ये राहिलंय.

काका