गव्याच्या नोंदी पाच खात्यांकडे, नकाशा एक: सुरुवात कुठून?

कोल्हापूर जिल्ह्यातल्या राधानगरी, भुदरगड, आजरा इथल्या गव्यांच्या नोंदी प्रादेशिक वनविभाग, वन्यजीव विभाग, पशुसंवर्धन, महावितरण आणि महसूल यांच्याकडे विखुरल्यात, त्यासाठी एक पोर्टल बनवून घ्यावं का, असं तुम्ही विचारलंय. आत्ता तरी नको. एका खात्यासाठी बनलेली प्रणाली दुसरं खातं मनापासून भरत नाही. ज्याचा त्याचा नमुना तसाच राहू द्या. देवाणघेवाणीपुरते नऊ रकाने ठरवा: नोंद क्रमांक, घटनेची तारीख, प्रजाती, प्रकार (प्रत्यक्ष दर्शन, खूण, नुकसान, मृत्यू), अक्षांश, रेखांश, स्थानाची अचूकता मीटरमध्ये, गावाचा एलजीडी कोड (केंद्र सरकारच्या ‘लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरी’तला गावाचा क्रमांक) आणि नोंदवणारं कार्यालय.

खरा घोळ स्थानात होतो. हातातलं जीपीएस बहुधा अंश आणि दशांश मिनिटं दाखवतं. १६ अंश २५.५ मिनिटं म्हणजे १६.४२५. कार्यालयात कुणी ते १६.२५५ असं टंकलं की गवा जवळपास १९ किलोमीटर दक्षिणेला जातो, आणि तरीही जिल्ह्यातच दिसतो, म्हणून कुणाला शंका येत नाही. यंत्राची सेटिंग दशांश अंश आणि डब्ल्यूजीएस ८४ (अक्षांश-रेखांश मोजण्याची जागतिक संदर्भपद्धत) अशी करून घ्या. शिवाय प्रत्येक बिंदू नोंदीतल्या गावाच्या शिवारात पडतो का, हे नकाशावर तपासा.

पीकनुकसानीचे अर्ज गट नंबरवर येतात, त्यात अक्षांश-रेखांश असतीलच असं नाही. मग ऑपरेटर गावाचा मध्यबिंदू टाकतो, आणि नकाशावर गव्यांचे कळप भर गावठाणात उभे राहतात. अचूकतेचा रकाना याचसाठी आहे: जीपीएसला १०, गटाच्या मध्याला २००, गावाच्या मध्याला २०००, असं काहीतरी ठरवून घ्या. अधिवासाच्या विश्लेषणात २००० वाल्या नोंदी घेऊच नका. गाववार नुकसान मोजायला त्या चालतात.

तारीख वर्ष-महिना-दिवस अशीच लिहा. ०३/०४ ला एक्सेल संगणकाच्या सेटिंगनुसार ३ एप्रिल किंवा ४ मार्च समजतं. दिवस १२ च्या पुढे असला तर ते मजकूर म्हणून राहतं, त्यामुळे एकाच रकान्यात निम्म्या तारखा उलटतात आणि निम्म्या तशाच. जुन्या फाइली श्रीलिपी किंवा कृतिदेव या युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये असतील तर आधी युनिकोडमध्ये आणा, नाहीतर गावांची नावं जुळणारच नाहीत.

शॉक लागून मेलेला एक गवा तीन ठिकाणी मोजला जातो: वनरक्षकाचा पंचनामा, पशुवैद्यकाचा शवविच्छेदन अहवाल, महावितरणची नोंद. दोन दिवस आणि एक किलोमीटरच्या आतल्या मृत्यूच्या नोंदी संगणकाने फक्त शेजारी-शेजारी दाखवाव्यात. एकच घटना की दोन, हे माणसाने ठरवावं. काहीही पुसू नका, तिन्ही नोंदींना एक घटना क्रमांक द्या. त्या क्रमांकात तालुका किंवा परिक्षेत्र घुसडू नका, हद्दी बदलतात.

नकाशावर अधिवासाचा थर वेगळा ठेवा. महसूलच्या कागदावरचं ‘पोटखराब’ (लागवडीस अयोग्य जमीन) आकारणीपुरतं असतं, त्यावरून अधिवास ठरवू नका. सडा, म्हणजे डोंगरमाथ्यावरचं कातळपठार, तिथे निरुपयोगी ठरतो, उन्हाळी उपग्रहचित्रातही ओसाड दिसतो. पावसाळ्यात ढगांमुळे चित्रं मिळत नाहीत, त्यामुळे ऑक्टोबरच्या सुमाराचं चित्र घ्या आणि त्याची तारीख थरावर लिहा.

गस्त झालीच नाही आणि गस्त झाली पण गवा दिसला नाही, या दोन्हीला रिकामी चौकट ठेवली तर पुढचं सगळं वाया. गस्तीचे तास किंवा किलोमीटर महिन्याच्या तक्त्यात वेगळे मागा.

शेतकऱ्याचं नाव आणि खाते क्रमांक सामायिक फाइलमध्ये येताच कामा नयेत. वाघाची, बिबट्याच्या पिल्लांची ठिकाणं खात्यांबाहेर देताना एक दशांश स्थळापर्यंत, म्हणजे साधारण ११ किलोमीटरपर्यंत, ढोबळ करा. मूळ अक्षांश-रेखांश ज्याच्या त्याच्या कार्यालयात राहतात.

चंदगडकडचे हत्ती पुढे घ्यायचे असतील तर बेळगावच्या वनविभागाशी कक्ष क्रमांक (जंगलाच्या तुकड्यांचे क्रमांक) जुळवत बसू नका. एलजीडी कोडची पद्धत देशभर एकच आहे. कन्नड-मराठी स्पेलिंगचा वादही त्यामुळे उरत नाही.