घरात लहान मुलं असतील तर हॉलसाठी कोणती फरशी घ्यावी?

तुमची अडचण मला समजली ती अशी: ठाण्यातल्या जुन्या सोसायटीत फ्लॅट घेतलाय, हॉलमध्ये मूळची मोझेक (सिमेंटमध्ये मार्बलचे तुकडे घालून केलेली फरशी) आहे, धाकटी नुकती रांगायला लागलीये, थोरला चार वर्षांचा. आणि घरात तीन तट पडलेत. तुम्हाला व्हिट्रिफाइड (भट्टीत भाजून घट्ट केलेली टाइल) हवी, मिस्टरांना लाकडी, सासूबाईंना मार्बल. मी ठाणे-डोंबिवलीकडे घरदुरुस्तीची कामं घेतो, घरी दोन पोरंही आहेत, म्हणून दोन्ही बाजूंनी सांगतो.

तिघांतलं काहीही ठरवण्याआधी ती मोझेक नीट बघा. कोपऱ्यात बसून नाण्याने टकटक करत पुढे सरका. आवाज भरीव आला तर फरशी खाली धरून आहे. पोकळ आला तर खालचा माल सुटलाय. चार-दोन फरश्याच पोकळ किंवा तडकलेल्या असतील तर सगळं उखडायची काही गरज नाही. त्या नमुन्याची मोझेक आज बाजारात मिळणं कठीण, पण ती तुमच्याच घरात असते: भिंतीतल्या कपाटाखाली, नाहीतर पलंगाच्या मागे. तिथली काढून पुढे लावायची आणि कपाटाखाली कुठलीही साधी टाइल टाकायची. कुणाला कळतसुद्धा नाही. मग मशीनने घासून घ्या, आधी जाड दगडाने, मग बारीक. वरचा काळपट थर गेला की आतले मार्बलचे तुकडे असे उठून दिसतात की तीच फरशी ओळखू येत नाही. पॉलिशवाल्याला एवढंच बजावा की शेवटी आरशासारखी चमक आणू नकोस. आणि घासताना जो पांढरा राडा निघतो तो बादलीत भरून खाली न्यायला लावा. मोरीत सोडला तर पाइपात सिमेंटसारखा बसतो आणि महिन्याभराने खालच्या मजल्यावरचे वर येतात.

लहान मुलांच्या घरात मोझेक मला आवडते, कारण तिच्यावर डाग पटकन दिसत नाहीत आणि ती फार गुळगुळीतही नसते. तिचं वैर फक्त अ‍ॅसिडशी. संडास धुवायचं अ‍ॅसिड तिच्यावर कधीही ओतू देऊ नका, सिमेंट आणि मार्बल दोन्ही खातं ते.

मार्बलचंही तेच दुखणं. तोही मुळात चुनखडीचाच, त्यामुळे लिंबू सरबत सांडलं आणि दहा मिनिटं तसंच राहिलं की तिथली चमक उडते. तो डाग नसतो, दगडच खाल्लेला असतो, पुसून जात नाही. दोन पोरांच्या घरात आठवड्यात काय काय सांडतं ते तुम्हाला मी सांगायला नको. सासूबाईंना देवघरापुरता मार्बल द्या, हॉलमध्ये नको.

लाकडी म्हणून जे विकतात ते बहुतेक वेळा लॅमिनेट असतं, म्हणजे दाबलेल्या लाकडी भुशाची पाटी आणि वर लाकडाचं चित्र. पायाला गार लागत नाही, दिसतं सुरेख, खालच्या फोमच्या थरामुळे कॅरम आपटल्याचा आवाजही खाली कमी जातो. पण सांध्यातून पाणी आत गेलं की कडा फुगतात, आणि एकदा फुगलेली पाटी परत बसत नाही. डायपर सोडवायचे दिवस तुमच्याकडे अजून यायचेत. त्यात आपल्याकडचा जून ते सप्टेंबर. मिस्टरांना लाकडी रूपच हवं असेल तर एसपीसी नावाचा प्रकार बघा. त्याच्या पोटात दगडाची भुकटी आणि प्लास्टिक असतं, पाण्याने फुगत नाही. फक्त खालची जमीन सपाट हवी, नाहीतर चालताना कटकट वाजतं. आणि लाकडी म्हटल्यावर मूल पडलं तरी लागत नाही हा समज मनातून काढा. दहा-बारा मिलिमीटरच्या पाटीखाली काँक्रीटचा स्लॅबच असतो. डोक्याला जास्त खोका टीपॉयच्या कोपऱ्याने पडतात, ती टीपॉय आधी हलवा.

आता व्हिट्रिफाइड. फरशी बदलायचीच असेल तर माझं मत हिलाच. ही पाणी जेमतेम ०.५ टक्क्यापर्यंतच शोषते, त्यामुळे दूध, वरण, सू, काहीही आत मुरत नाही. पण दुकानात दिव्यांखाली झगमगणारी गुळगुळीत घेऊ नका. पावसाळ्यात दमट दिवशी तळमजल्यावर अशा फरशीला घाम सुटतो, आणि सातव्या मजल्यावरसुद्धा पोछा मारल्यावर पाच मिनिटं ती बर्फासारखी असते. पोरं नेमकी तेव्हाच धावतात, तीही मोजे घालून. मॅट किंवा सॅटिन फिनिश मागा. फार खरखरीत मात्र नको, त्यात मळ बसतो आणि रांगणाऱ्या पोरीचे गुडघे सोलवटतात.

बॉक्सवर कधी कधी टाइल किती घसरते ते सांगणारे आर ९, आर १० असे आकडे छापलेले असतात. ती जर्मन पद्धतीची चाचणी आहे: तेल लावलेल्या उतारावर बूट घालून माणूस चालवतात. अनवाणी पायांसाठी ए, बी, सी अशी वेगळी प्रतवारी आहे, पण हॉलच्या टाइलवर ती क्वचितच दिसते. म्हणून मी गिऱ्हाइकांना वेगळंच करायला लावतो. टाइल जमिनीवर आडवी ठेवायला सांगा, पाण्याच्या बाटलीतलं घोटभर पाणी ओता, चप्पल काढा आणि तळवा दाबून पुढे ढकला. सरकन गेला तर ती टाइल परत जागेवर. शेजारी थोड्या पाण्यात कालवलेली हळद आणि स्केचपेनची रेघ दहा मिनिटं ठेवून पुसून बघा. दुकानदार तोंड वाकडं करेल, करू दे.

टाइलपेक्षा जास्त घाण सांध्यांत असते. पांढरं सिमेंट भरलेल्या सांध्यात वरण सांडलं की हळद बसली म्हणून समजा. त्याऐवजी सांध्यात भरायचं इपॉक्सी ग्राउट महाग पडतं, लावायला चिकट असल्याने मिस्त्री कुरकुरतात, पण हॉल आणि जेवायच्या जागेपुरतं तरी तेच भरा, राखाडी नाहीतर बदामी रंगात. टाइल जितकी मोठी तितके सांधे कमी, म्हणून दोन बाय चार फुटी बरी.

जुन्या मोझेकवरच टाइल बसवायची असेल तर मोझेक पोकळ नसणं ही पहिली अट. तिला छिन्नीने टाचे मारून वर टाइल अ‍ॅडहेसिव्हने बसवतात. तोडफोड वाचते, पण पातळी साधारण दीड सेंटिमीटर वर येते: दरवाजे खालून तासावे लागतात आणि हॉल-पॅसेजच्या मध्ये पायरी राहू शकते. रांगणाऱ्या मुलाला ती अडत नाही, पळणाऱ्याला अडते. शिवाय चौरस फुटाला साधारण दोन-अडीच किलो वजन वाढतं, त्यामुळे इमारत जुनी असेल तर सोसायटीला आणि इंजिनिअरला विचारूनच.

मऊपणा वरून अंथरायचा. फरशी वीस वर्षं राहणार, रांगणं काही महिन्यांत संपतं. जोडायच्या फोमच्या रंगीत चटया सगळे आणतात. त्यातल्या फॉर्मामाइड नावाच्या रसायनामुळे बेल्जियमने २०१० मध्ये अशा चटयांवर बंदी आणली होती, तेव्हा उघडल्यावर भपकन वास येणारी चटई घेऊ नका, आणि घेतलीच तर आधी गॅलरीत चांगली वारवा. मुलं चटईच्या कडांचे जोडायचे दाते चावून तोडतात आणि गिळतात, हे वेगळंच. पावसाळ्यात ती रोज उचलून खाली पुसावं लागतं, नाहीतर बुरशी. त्यापेक्षा मी जाड सतरंजी आणि खाली रबरी जाळी घालतो, वर आजीची गोधडी. दोन्ही मशीनमध्ये जातात. जाळी मात्र हवीच, नुसती सतरंजी व्हिट्रिफाइडवर गोधडीसकट पोराला घेऊन घसरते.

वॉकर आणणार असाल तर नका आणू. गुळगुळीत फरशीवर त्याला फार वेग येतो. कॅनडात तर २००४ पासून त्याच्या विक्रीवरच बंदी आहे.

काम शक्यतो मुलं गावाला असताना, मे महिन्यात उरका. टाइल कापताना उडणारी धूळ वाईट, पाणी मारत कापायला लावा. आणि लागणाऱ्या मालापेक्षा एक बॉक्स जास्त घेऊन माळ्यावर टाका, सगळे बॉक्स एकाच बॅचचे आहेत का तेही वर छापलेल्या नंबरावरून ताडून बघा. पुढच्या लॉटची छटा जुळत नाही, आणि तुमच्या थोरल्याच्या हातून वरवंटा केव्हा ना केव्हा पडणारच आहे.