बीआरसीए-१ या जनुकाच्या तपासणीत मी पॉझिटिव्ह आले आहे, पण कॅन्सर झालेला नाही. दोन्ही स्तन आधीच काढून टाकणं वेडेपणा आहे का?

ताई, तुम्ही लिहिलंय की वय ३३, एक मुलगा, दुसरं मूल हवंय. आईला ४२व्या वर्षी स्तनाचा कॅन्सर झाला होता. सर्जन ऑपरेशन सुचवतायत आणि सासूबाई म्हणतायत, "धडधाकट शरीराला कशाला सुरी लावायची?"

मी ते ऑपरेशन ३७व्या वर्षी करून घेतलं. आज ४३ची आहे. डॉक्टर नाही, एका कारखान्यात हिशेब बघते, तेव्हा हे अनुभवाचे बोल समजा.

वेडेपणा नाही. पण या जनुकात दोष असला की स्तनासारखाच अंडाशयाच्या कॅन्सरचाही धोका वाढतो. तुमच्या प्रश्नात अंडाशयांचा उल्लेखच नाही, आणि मला तर तीच जास्त निकडीची वाटतात. त्याकडे येते.

आमच्याकडे आईच्या बाजूला कॅन्सर नावालाही नव्हता. त्यामुळे थोरल्या बहिणीला ३६व्या वर्षी गाठ लागली तेव्हा सगळ्यांनी नशिबावर ढकलून दिलं. तिच्या डॉक्टरांनी जेनेटिक कौन्सेलरकडे, म्हणजे घराण्यातून येणाऱ्या आजारांबद्दल सल्ला देणाऱ्या बाईंकडे पाठवलं. त्या बाई कागदावर वंशावळ काढायला बसल्या. वडिलांना बहिणी किती, कोण कशानं गेलं? वडील म्हणाले, मोठी चाळिशीच्या आतच गेली, पोटात पाणी झालं होतं तिच्या. बाईंचं पेन तिथेच थांबलं. आत्याला बहुधा अंडाशयाचा कॅन्सर होता. हा दोष बापाकडूनही तितकाच येतो, प्रत्येक मुलामुलीत निम्मी शक्यता, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. वडील पुढे कित्येक दिवस आमच्यासमोर मान वर करून जेवले नाहीत. भाऊ अजून तपासणी करून घेत नाही. बायकांचा आजार आहे म्हणतो, आणि त्याला दोन मुली आहेत.

बहिणीत नेमका कुठला बदल आहे ते सापडल्यावर माझ्यात फक्त तोच शोधला. तुमचा रिपोर्ट काढून एकदा बघा. 'पॅथोजेनिक', म्हणजे आजार आणणारा बदल, असं लिहिलंय ना? 'व्हीयूएस' असेल तर त्याचा अर्थ अजून लागलेला नाही, आणि तेवढ्यावर कोणी ऑपरेशन करू नये.

आता आकडे. अँजेलिना जोलीनं २०१३ मध्ये स्वतःच्या ऑपरेशनबद्दल लिहिलं, तेव्हापासून ८७ टक्के हा आकडा जो तो ऐकवतो. तो तिच्या डॉक्टरांनी तिच्यापुरता काढलेला अंदाज होता. २०१७ साली आलेल्या एका मोठ्या अभ्यासात बीआरसीए-१ असलेल्या बायकांमध्ये स्तनाच्या कॅन्सरची शक्यता ७२ टक्के आणि अंडाशयाच्या कॅन्सरची ४४ टक्के निघाली. पण ती ८० वर्षं वयापर्यंतची. मला हे कोणी समजावलंच नव्हतं. ७२ म्हणजे पुढच्या दिवाळीपर्यंत, असंच मी धरून बसले होते.

त्यामुळे स्तनांच्या बाबतीत तुम्हाला विचार करायला वेळ आहे. मी अडीच वर्षं नुसती तपासणी केली. वर्षातून एकदा एमआरआय, मध्ये सहा महिन्यांनी मॅमोग्राफी. हाही खरा पर्याय आहे, कमीपणाचा नाही. फक्त त्यानं कॅन्सर टळत नाही, लवकर सापडतो. तिसऱ्या एमआरआयमध्ये डाव्या बाजूला काहीतरी दिसलं. बायोप्सी झाली, आणि रिपोर्ट यायला नऊ दिवस लागले. त्या नऊ दिवसांत मी बँकेची खाती, विम्याचे हप्ते, गॅसचा ग्राहक क्रमांक असं सगळं नवऱ्यासाठी वहीत उतरवून काढलं. रिपोर्ट चांगला आला. मी ती वही मात्र फाडू शकले नाही. ऑपरेशन ठरलं ते तिथे. आकड्यांनी ठरलं नाही.

ऑपरेशननं धोका नव्वद टक्क्यांहून जास्त कमी होतो. शून्य होत नाही, थोडा भाग राहतोच. माझी स्तनाग्रं राखली आणि आत इम्प्लांट बसवले. दुखणं सोसता येतं. आधी नीट सांगितलं गेलं नाही ते बधिरपणाचं. मुलगी बिलगते ते मला दाबावरून कळतं, उबेवरून नाही. एकदा गरम पाण्याच्या पिशवीनं भाजलं, ते आरशात लाल डाग दिसला तेव्हा समजलं. काहींना थोडी संवेदना परत येते, मला आली नाही. आणि अंगावर पाजणं संपतं, तेव्हा दुसऱ्या बाळाचा विचार आधी करा.

खर्चाचं म्हणाल तर विमा कंपनीनं "आजारच नाही, तर उपचार कसला" म्हणून दावा फेटाळला. आम्ही एफडी मोडली. तुम्ही आधीच लेखी विचारून घ्या.

आता अंडाशयं. स्तनाला एमआरआय तरी आहे. अंडाशयाचा कॅन्सर वेळेत पकडेल अशी भरवशाची तपासणी नाही. सोनोग्राफी आणि सीए-१२५ची रक्ततपासणी करतात, पण त्यावर विसंबून राहता येत नाही. म्हणून बीआरसीए-१ असेल तर मुलं झाल्यावर, साधारण ३५ ते ४०च्या दरम्यान, अंडाशयं आणि बीजनलिका काढायला सांगतात. मी ३९व्या वर्षी काढल्या, तेही चालढकल करत. पाळी एका दिवसात थांबली. जानेवारीत मी पंखा लावायचे आणि नवरा दोन चादरी घ्यायचा. ज्यांना स्तनाचा कॅन्सर झालेला नाही त्यांना डॉक्टर काही वर्षं हार्मोन्स देऊ शकतात, तेव्हा लाजू नका, विचारा. हाडांचंही विचारा. तुमच्या जागी मी असते तर आधी दुसरं मूल, मग अंडाशयांची तारीख नक्की, आणि स्तनांचं मनाच्या कलानं. तुमचे सर्जन उलट क्रम सांगत असतील तर का, ते विचारा. मुंबईत टाटा मेमोरियलमध्ये कॅन्सर जेनेटिक्सचा वेगळा विभाग आहे, तिथे दुसरं मत घेता येईल.

सासूबाईंना कौन्सेलरकडे सोबत न्या. माझ्या सासूबाई ऑपरेशनच्या दिवशी आल्याच नाहीत. तिसऱ्या दिवशी आल्या, आणि ड्रेनचे, म्हणजे जखमेतलं पाणी नळीनं जमा होतं ते डबे गळ्यात अडकवता यावेत म्हणून जुन्या सुती साडीच्या चार पिशव्या शिवून आणल्या. बोलल्या काहीच नाहीत. त्या पिशव्या धुऊन कपाटात ठेवल्यात. ऑपरेशन ठरलंच तर मेसेज करा, पाठवते.