मुलगी फार हळवी आहे, टीम कशी सांभाळेल?

आपले पत्र मी दोनदा वाचले. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी आपल्या मुलीला सहा जणांच्या टीमची प्रमुख होण्याचा प्रस्ताव आला आहे आणि तिने विचारासाठी वेळ मागितला आहे. ती हळवी असल्यामुळे तिचा कोणाला धाक वाटणार नाही, म्हणून तिला कणखर करणारा एखादा कोर्स मी सुचवावा किंवा नोकरी सोडून एमबीए करण्यास सांगावे, अशी आपली इच्छा आहे. या पत्रात 'हळवी' हा शब्द पाच वेळा आला आहे. या पदाविषयी तिला स्वतःला काय वाटते, हे मात्र एकदाही आलेले नाही. मला अस्वस्थ केले ते याने.

कार्यालयातला एखादा प्रसंग ती घरी सांगू लागली की "रडगाणे नको, उपाय सांग" असे म्हणून आपण तिला थांबवता, हेही आपणच लिहिले आहे. आपला हेतू चांगला असेल. परंतु ज्याला बोलण्याआधीच गप्प केले जाते, त्याला राग, भीती आणि अपमान यांतला फरक स्वतःपुरता ओळखण्याचीही सवय राहत नाही, आणि ज्याला स्वतःचा वैताग वेळीच ओळखता येत नाही, तो पुढे भर बैठकीत भलत्याच माणसावर काढतो. आपण ज्याला कणखरपणाचे शिक्षण समजता, ते तिच्याकडे असलेली क्षमता बोथट करत आहे.

भावनिक बुद्धिमत्ता म्हणजे मवाळपणा, हा समज आपल्या पत्रात ओळीओळीत आहे. पीटर सॅलोव्ही आणि जॉन मेयर या मानसशास्त्रज्ञांनी 1990 मध्ये ही संकल्पना मांडली, ती स्वतःच्या व इतरांच्या भावना टिपणे, त्यांतला भेद जाणणे आणि त्या माहितीच्या आधारे विचार व कृती करणे, अशी. सर्वांना खूश ठेवण्याचा त्यात उल्लेखही नाही. राहिला धाक. संशोधक एमी एडमंडसन यांनी 1990च्या दशकात रुग्णालयांतल्या औषध देण्यातील चुकांचा अभ्यास केला, तेव्हा ज्या टीमचे नेतृत्व आणि आपसांतले संबंध चांगले होते, त्यांच्याच चुकांची नोंद अधिक निघाली. त्या टीममध्ये चूक उघडपणे सांगता येत होती, हे त्याचे कारण होते. जिथे सगळे प्रमुखाला घाबरतात, तिथेही चुका होतच असतात. फक्त त्या प्रमुखाच्या कानावर सर्वांत शेवटी जातात.

तरीही एक गोष्ट मी तिच्याबाबतही स्पष्ट सांगतो. सहकाऱ्याचे रखडलेले काम ती रात्री जागून स्वतः पूर्ण करते, याला आपण हळवेपणा म्हणता. मी त्याला टाळाटाळ म्हणेन. समोरच्याची अडचण तिला नेमकी कळते, परंतु "हे काम तुमचे आहे आणि ते गुरुवारपर्यंत हवे आहे" असे सांगताना जो अवघडलेपणा येतो, तो सोसण्याऐवजी ती जागरण पत्करते. टीमप्रमुख झाल्यावर हे सहापट होईल. यावर कोर्सचे प्रमाणपत्र उपयोगाचे नाही. ते वाक्य तिला प्रत्यक्ष त्याच सहकाऱ्यापुढे, शांतपणे आणि माफी न मागता उच्चारावे लागेल, आणि तेही होकार कळवण्याआधी.

एमबीएची प्रवेश परीक्षा दोन वर्षांनीही देता येईल, आणि तेव्हा हा अनुभव कामीच येईल.

आज संध्याकाळी ती काही सांगू लागली, तर उपाय न विचारता पूर्ण ऐकून घ्या. पदाचा निर्णय तिचा आहे, त्यामुळे तिला काय करायला सांगावे हे मी आपल्याला लिहिणार नाही. तिने स्वतः पत्र पाठवले, तर तिला सविस्तर उत्तर देईन.